जळालेला पार्ट ओळखायचा कसा आणि बदलायचा कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपकरण बंद पडतं, आपण ते उघडतो, आत एक पार्ट काळा पडलेला दिसतो आणि त्यावरचा नंबर नेमका जळून गेलेला असतो. "हा पार्ट कोणता, आणि याच्या जागी काय लावू?" असं विचारणारे निरोप फोटोसकट सतत येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. एक पार्ट काळा पडलाय. तेवढा बदलला की काम झालं का?

कधी कधी होतं, पण त्या भरवशावर राहू नका. रेझिस्टर आपणहून क्वचितच जळतो. त्याच्या पुढचं काहीतरी शॉर्ट होतं, प्रमाणाबाहेर करंट ओढला जातो आणि वाटेत उभा असलेला रेझिस्टर जळतो. फ्यूजचंही तेच. याउलट इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर उष्णतेने आणि वयाने स्वतःच संपतो, आणि व्होल्टेजचा झटका आला की तो अंगावर घेऊन मरणं हे व्हॅरिस्टरचं कामच आहे. म्हणून प्रश्न नेहमी दोन असतात: हा पार्ट कोणता, आणि तो कशामुळे गेला? दुसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवा पार्ट टाकून चालू केलंत, तर तो बहुधा पहिल्याच क्षणी जातो आणि जाताना शेजारचे चांगले पार्टही घेऊन जातो. हे सर्वांत जास्त कुठे घडतं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

२. प्लग काढला म्हणजे हात लावायला सुरक्षित ना?

नाही. स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये मेन्सचा एसी आधी डीसी होतो आणि एका मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतो. २३० व्होल्ट मेन्स असेल तर तिथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो. चालू उपकरणात प्लग काढल्यावर तो चटकन उतरतो, पण बिघडलेल्यात तो वापरणारं सर्किटच मेलेलं असतं, त्यामुळे चार्ज बराच वेळ टिकतो. म्हणजे बिघडलेलं उपकरण चांगल्यापेक्षा जास्त धोक्याचं.

आधी मीटर डीसी व्होल्टवर ठेवून कॅपॅसिटरच्या दोन पायांवर मोजा. चार्ज असेल तर २ ते १० किलोओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांना जोडून त्यातून तो उतरवा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगीने कॅपॅसिटर आणि ट्रॅक दोन्ही दुखावतात आणि वितळलेला धातू डोळ्याकडे उडू शकतो. ज्या उपकरणांना मुळातच हात लावू नये ती प्रश्न २० मध्ये.

३. पार्टवरचं अक्षरही वाचता येत नाही. सुरुवात कुठून करू?

पार्ट राहू द्या, आधी बोर्ड वाचा. पार्टशेजारी पांढऱ्या शाईत अक्षर आणि क्रमांक छापलेला असतो. आर म्हणजे रेझिस्टर, सी कॅपॅसिटर, एल कॉइल, डी डायोड, झेडडी झेनर, क्यू ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट (गेट, ड्रेन, सोर्स अशा तीन पायांचा, गेटच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर), यू किंवा आयसी म्हणजे आयसी, एफ फ्यूज, बीडी ब्रिज रेक्टिफायर. एवढ्यानेच निम्मं कोडं सुटतं.

मग तो कशाला जोडलाय ते ट्रॅकवरून माग काढत बघा. एखादा पार्ट दिसतो कसा यापेक्षा तो कुठे बसलाय आणि काय काम करतोय, हे मला जास्त भरवशाचं वाटतं. एकसारख्या दिसणाऱ्या तीन पायांच्या काळ्या डब्यांपैकी एक ट्रान्झिस्टर असतो, एक व्होल्टेज रेग्युलेटर, एक टीएल४३१ (व्होल्टेजचा संदर्भ देणारी छोटी आयसी). तिघांची कामं आणि जागा मात्र वेगळ्या.

जवळच्या आयसीचा नंबर वाचता येत असेल तर तिची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडा. त्यात दिलेलं नमुना सर्किट आणि तुमच्या हातातला बोर्ड बहुतेक वेळा जवळजवळ सारखेच असतात, आणि हरवलेल्या पार्टची व्हॅल्यू तिथे सापडते. शोधताना उपकरणाच्या मॉडेल नंबरपेक्षा बोर्डावर छापलेला नंबर टाका, कारण एकच बोर्ड अनेक नावांनी विकला जातो. वायरलेस उपकरणावर एफसीसी आयडी (अमेरिकी दूरसंचार नियामकाकडचा नोंदणी क्रमांक) असेल तर त्या नोंदीत बरेचदा आतल्या बोर्डाचे फोटो असतात. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल तर दुसरा चॅनल म्हणजे जिवंत नमुनाच.

छपाई पुसट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि टॉर्चचा प्रकाश अगदी तिरका पाडून मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. लेसरने कोरलेल्या अक्षरांवर खडूची भुकटी हलकेच चोळली की ती उठून दिसतात.

४. मेन्सच्या वायरीजवळची गोल चपटी चकती फुटली. हा सिरॅमिक कॅपॅसिटर आहे का?

तीन शक्यता आहेत, आणि त्यांच्यात गल्लत करणं महागात पडतं. चकती फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आडवी जोडलेली असेल तर तो व्हॅरिस्टर. करंटच्या वाटेत, म्हणजे सीरिजमध्ये असेल तर एनटीसी थर्मिस्टर (तापला की ज्याचे ओहम कमी होतात). मेन्सकडची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यात पुलासारखी, किंवा मेन्स आणि अर्थिंग यांच्यात असेल तर वाय कॅपॅसिटर.

व्हॅरिस्टरवर १४डी४७१ असं काही असतं: व्यास १४ मिलिमीटर आणि ४७ वर एक शून्य, म्हणजे ४७० व्होल्ट. असा व्हॅरिस्टर ३०० व्होल्ट एसीपर्यंत सतत राहू शकतो. ४३१ असेल तर २७५ व्होल्ट एसी. एनटीसीवर ५डी-९ असेल तर २५ अंश सेल्सिअसला ५ ओहम आणि व्यास ९ मिलिमीटर.

व्हॅरिस्टर काढून टाकला तरी उपकरण चालतं, म्हणून तो पुन्हा लावायचं राहून जातं. तसं करू नका, पुढचा झटका थेट आत जाईल. वाय कॅपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक कॅपॅसिटर तर कधीच नको. तो शॉर्ट झाला तर मेन्स थेट माणसाच्या हाताशी येतो. त्यावर वाय१ किंवा वाय२ हा दर्जा छापलेला असतो, तोच दर्जा आणा. मेन्समध्ये आडव्या बसणाऱ्या चौकोनी एक्स२ कॅपॅसिटरलाही हाच नियम.

५. रेझिस्टरचे रंगीत पट्टे जळून गेलेत. व्हॅल्यू काढता येते का?

बऱ्याचदा येते. मात्र उरलेल्या रंगांवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. तापल्यावर लाल पट्टा तपकिरी दिसतो, नारिंगी लालसर होतो आणि पिवळा मातकट.

पायांचा रेझिस्टर मधोमध जळाला असेल तर तो काढून जळालेला थर ब्लेडने हळूच खरवडा. खाली पातळ थराची सर्पिल पट्टी दिसेल. एका टोकापासून डागाच्या कडेपर्यंत ओहम मोजा, मग दुसऱ्या टोकापासून. समजा एकीकडे २१० आणि दुसरीकडे २३० आले. बेरीज ४४०, आणि मधला जळालेला तुकडा मोजमापात आलेलाच नाही, म्हणजे मूळ व्हॅल्यू याहून थोडी जास्त. प्रमाणित मालिकेत पुढची व्हॅल्यू ४७०. पहिला पट्टा पिवळा वाटत असेल तर मग शंकाच नको, कारण पिवळा म्हणजे ४.

डाग मोठा असेल तर ही युक्ती फसते. तेव्हा रेझिस्टर कोणतं काम करतो यावरून अंदाज बांधा आणि वरच्या व्हॅल्यूपासून सुरुवात करा. जास्त ओहममुळे करंट कमी राहतो, नुकसान टळतं. वॉट त्याच आकाराचे किंवा जास्त ठेवा. फ्यूजिबल रेझिस्टर मात्र अपवाद: तो ठरावीक करंटला मुद्दाम तुटण्यासाठीच बसवलेला असतो, म्हणून तिथे फ्यूजिबलच लावा आणि वॉटही तेवढेच ठेवा.

६. चपट्या एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेल्या) रेझिस्टरवर १०३, ४आर७, ०१सी असं लिहिलेलं असतं. ते कसं वाचायचं?

तीन आकडे असतील तर शेवटचा आकडा म्हणजे पुढची शून्यं. १०३ म्हणजे १०,००० ओहम. चार आकडे असतील तरी तसंच, १००२ म्हणजेही १०,०००च. आर हा दशांश चिन्हाच्या जागी असतो: ४आर७ म्हणजे ४.७, आर१०० म्हणजे ०.१ ओहम. दोन आकडे आणि एक अक्षर ही एक टक्का अचूकतेच्या रेझिस्टरची वेगळी पद्धत आहे. त्यातले आकडे तक्त्यात बघावे लागतात: ०१ म्हणजे १००, सी म्हणजे गुणिले १००, म्हणून ०१सी म्हणजे १०,००० ओहम.

फसवणारी जागा एकच. १०० म्हणजे शंभर ओहम नव्हे, १० ओहम. आणि नुसतं ० किंवा ००० असेल तर तो जोडतार म्हणून लावलेला तुकडा आहे.

७. तीन पायांच्या चिमुकल्या पार्टवर नुसतं "जे३वाय" आहे. हा कोणता नंबर?

जागा नाही म्हणून कंपन्या पूर्ण नंबराऐवजी छोटी खूण छापतात. जे३वाय म्हणजे एस८०५० ट्रान्झिस्टर. ७०२ म्हणजे २एन७००२ मॉसफेट. दोन पायांच्या चौकोनी डायोडवर एम७ असेल तर तो १एन४००७चा एसएमडी अवतार. एसएस१४ म्हणजे १ अँपिअर ४० व्होल्टचा शॉट्की (चटकन उघडझाप करणारा डायोड), एसएस३४ म्हणजे ३ अँपिअर ४० व्होल्टचा.

पण एकाच खुणेचे वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे पार्ट असतात, अगदी ट्रान्झिस्टर आणि रेग्युलेटर इतके वेगळे. म्हणून तक्त्यात खूण सापडली की तिथे थांबू नका. पाय किती, आकार कोणता आणि सर्किटमधली जागा त्या पार्टला साजेशी आहे का, हे तिन्ही जुळलं तरच खरं. जुन्या जपानी ट्रान्झिस्टरवर पहिलं "२एस" गाळलेलं असतं: सी१८१५ म्हणजे २एससी१८१५.

८. तपकिरी एसएमडी कॅपॅसिटरवर काहीच छापलेलं नाही. तो कितीचा?

त्यांच्यावर छापत नाहीतच. बोर्डावर तशाच जागी, तशाच आकाराचा दुसरा असेल तर तो काढून मोजा. जागेवर ठेवून मोजला तर समांतर जोडलेल्या सगळ्यांची बेरीज दिसते. आयसीच्या सप्लाय पायाला खेटून, दुसरं टोक ग्राउंडला, अशा जागी बहुतेक वेळा ०.१ मायक्रोफॅरड असतो. पाय असलेल्या सिरॅमिकवर हीच व्हॅल्यू १०४ अशी लिहितात: १० वर चार शून्यं, पिकोफॅरडमध्ये. क्रिस्टलजवळचे मात्र काही पिकोफॅरडचे असतात, तिथे अंदाज चालत नाही.

एक बारकावा. या कॅपॅसिटरवर डीसी व्होल्टेज आलं की त्यांची क्षमता घटते, आणि आकार जितका लहान तितकी घट जास्त. मूळचा मोठ्या आकाराचा असेल तर त्याच मायक्रोफॅरडचा लहान लावू नका.

९. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर जास्त व्होल्टचा लावला तर चालेल का? जास्त मायक्रोफॅरडचा?

जास्त व्होल्टचा चालतो, जागेत बसला म्हणजे झालं. कमीचा कधीच नको. मायक्रोफॅरड शक्यतो तेवढेच ठेवा. फिल्टरच्या जागी १००० ऐवजी १२०० चालून जातात, कारण मुळात यांची अचूकताच २० टक्के कमीजास्त असते. टाइमिंगच्या किंवा फीडबॅकच्या जागी बदल करू नका. मेन्सच्या बाजूला फार वाढवलंत तर चालू करतानाचा झटका वाढतो आणि ब्रिज जातो.

स्विचिंग सप्लायच्या आउटपुटला १०५ अंशांचा, लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेल्या) प्रकारचाच घ्या. साधा कॅपॅसिटर मीटरवर उत्तम व्हॅल्यू दाखवेल आणि काही महिन्यांत फुगेल. तापमान १० अंशांनी कमी झालं की याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून गरम हीटसिंकला चिकटलेला दिसला तर बदलताना थोडा बाजूला बसवा.

१०. कॅपॅसिटर किंवा डायोडवरचा पट्टा म्हणजे प्लस की मायनस?

अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावर पट्टा मायनसकडे. एसएमडी डबीच्या माथ्यावरचा काळा भागही मायनस. टँटलम कॅपॅसिटरवर मात्र पट्टा प्लसकडे. डायोडवर पट्टा कॅथोडकडे. टँटलम उलटा लावला तर पेटतो, म्हणून जुना काढण्याआधी फोटो घ्याच.

११. पार्ट बोर्डवरून न काढता मोजता येतो का?

अर्धवट येतो. सप्लाय बंद आणि कॅपॅसिटर रिकामे असताना शेजारच्या वाटांमुळे रेझिस्टर छापील व्हॅल्यूपेक्षा कमी दिसू शकतो, जास्त दिसू शकत नाही. म्हणून आकडा स्थिरावल्यावर जास्त दिसला तर तो नक्की गेलेला. कमी दिसला तर एक पाय सोडवून पुन्हा मोजा.

डायोड मोडवर चांगला सिलिकॉन डायोड एका दिशेला ०.५ ते ०.७ दाखवतो, शॉट्की ०.१५ ते ०.३, उलट दिशेला काही नाही. दोन्हीकडे शून्याजवळ आलं तर शॉर्ट, पण ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग किंवा कॉइल समांतर असेल तरी तसंच दिसतं. मॉसफेट मोजण्याआधी गेट आणि सोर्स क्षणभर एकमेकांना टेकवा. गेटवर साठलेल्या चार्जमुळे चांगला मॉसफेटही शॉर्ट असल्यासारखा वाटतो.

१२. तोच ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट मिळत नाही. पर्याय कसा निवडू?

आधी पायांचा क्रम बघा, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, असं धरलं तर बीसी५४७ डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा असतो. २एन३९०४ एमिटर, बेस, कलेक्टर. आणि सी१८१५ एमिटर, कलेक्टर, बेस. डबी एकच, क्रम तीन. ७८०५ आणि ७९०५ रेग्युलेटरचंही तसंच: पहिल्यात इनपुट, ग्राउंड, आउटपुट, दुसऱ्यात ग्राउंड, इनपुट, आउटपुट.

मग व्होल्टेज आणि करंट मूळच्या इतकं किंवा जास्त. मॉसफेटमध्ये याशिवाय गेटला किती व्होल्ट मिळतात ते बघावं लागतं. आयआरएफझेड४४एन पूर्ण उघडायला १० व्होल्टच्या आसपास लागतात. ५ व्होल्टच्या कंट्रोलरवर त्याचा जुळा आयआरएलझेड४४एन लागतो. स्विचिंगच्या जागी गेट चार्ज फार जास्त असलेला, "दणकट" वाटणारा मॉसफेट उलट जास्त तापतो.

हीटसिंकवर बसणारा पार्ट असेल तर मूळची पाठ प्लॅस्टिकची होती की धातूची ते आठवणीने बघा. धातूची पाठ बहुधा आतल्या एका पायाला जोडलेली असते. मायका किंवा सिलिकॉनची पट्टी न लावता ती कसली, की हीटसिंकवर व्होल्टेज येतं.

१३. डायोडच्या जागी १एन४००७ कुठेही चालतो असं ऐकलंय. खरं का?

मेन्सच्या ५० किंवा ६० हर्ट्झ रेक्टिफायरमध्ये, १ अँपिअरपर्यंत, हो. स्विचिंग ट्रान्सफॉर्मरच्या पुढे नाही. तिथे दर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप होते आणि १एन४००७ बंद व्हायला फार वेळ घेतो, त्यामुळे तापून मरतो. त्या जागी एफआर१०७ किंवा यूएफ४००७ लागतो. दोन्ही १ अँपिअर १००० व्होल्टचेच, पण पहिला ५०० नॅनोसेकंदांत बंद होतो आणि दुसरा ७५ मध्ये. आउटपुटला शॉट्की असेल तर त्याचं व्होल्टेज आउटपुटवरून ठरवू नका. १२ व्होल्टच्या आउटपुटलाही उलट दिशेने बरंच जास्त व्होल्टेज येतं, म्हणून तिथे बहुधा १०० व्होल्टचा, एमबीआर२०१०० सारखा डायोड दिसतो.

१४. फ्यूजवरच्या अक्षरांचा अर्थ काय? काचेचा लावला तर काय बिघडतं?

टी म्हणजे सावकाश तुटणारा, एफ म्हणजे चटकन. स्विचिंग सप्लायमध्ये टीच्या जागी एफ लावलात तर बिघाड नसतानाही चालू करताना उडेल. एच आणि एल ही अक्षरं आणखी महत्त्वाची. फ्यूज तुटताना किती मोठा करंट सुरक्षितपणे तोडू शकतो ते त्यांवरून कळतं: एच १५०० अँपिअर, एल फक्त ३५ अँपिअर किंवा छापील करंटच्या दहापट, यांतलं जे जास्त ते. एच सहसा वाळू भरलेला सिरॅमिकचा असतो. त्या जागी काचेचा एल लावला आणि पुढे थेट शॉर्ट झाला तर नळी फुटते आणि आत आर्क चालूच राहतो. काच आतून काळी किंवा चंदेरी झालेली दिसली तर पुढे मोठा शॉर्ट आहे असं समजा. तार नुसती मधे तुटलेली असेल तर जास्त लोड किंवा वय.

१५. पॉवर सप्लायमधला मॉसफेट बदलला, चालू करताच पुन्हा उडाला. मॉसफेट नकली होता का?

असेलही, पण बहुतेक वेळा कारण दुसरं असतं. मॉसफेट शॉर्ट होतो तेव्हा काय घडतं ते टप्प्याटप्प्याने बघा. ड्रेनवरचं सव्वातीनशे व्होल्ट थेट सोर्सवर येतं. सोर्सखाली करंट मोजणारा, एक ओहमहून लहान रेझिस्टर असतो. तो क्षणात तुटतो. मग सोर्सला ग्राउंडकडची वाट उरत नाही आणि तेच व्होल्टेज कंट्रोलर आयसीच्या करंट मोजणाऱ्या पायाकडे जाणाऱ्या दुसऱ्या छोट्या रेझिस्टरमधून आयसीत शिरतं. गेटमधूनही शिरतं. गेटचा रेझिस्टर आणि त्याच्याशेजारचा छोटा डायोड जातो, आयसी आतून मरते. शेवटी फ्यूज तुटतो, आणि बऱ्याचदा त्याआधी ब्रिजमधले एकदोन डायोड शॉर्ट झालेले असतात.

या सगळ्यात डोळ्यांना दिसतो फुटलेला मॉसफेट आणि फ्यूज. बाकीचे बाहेरून नव्यासारखे. म्हणून मॉसफेटसोबत करंटचा रेझिस्टर, गेटचा रेझिस्टर आणि डायोड, करंटच्या पायाकडे जाणारा रेझिस्टर, ब्रिज आणि एनटीसी हे सगळे एकेक मोजा, आणि आयसी तर बिनशर्त बदला. ती वाचली असेल का, याची परीक्षा नव्या मॉसफेटच्या जीवावर घेण्यात अर्थ नाही.

मग मूळ कारण. आउटपुटचा डायोड शॉर्ट आहे का? ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला जोडलेलं, व्होल्टेजचं टोक कापणारं डायोड-रेझिस्टर-कॅपॅसिटरचं त्रिकूट शाबूत आहे का? तो रेझिस्टर ओपन झाला तर प्रत्येक झटक्याला मॉसफेटवर मर्यादेपलीकडे व्होल्टेज येतं. आणि आयसीला सप्लाय देणारा छोटा इलेक्ट्रोलायटिक, १० ते ४७ मायक्रोफॅरडचा, वाळलेला असेल तर तो हमखास बदला.

करंटचा रेझिस्टर जळून व्हॅल्यू गेली असेल तर डेटाशीट मदत करते. यूसी३८४२ सारख्या आयसीत त्या पायावर १ व्होल्ट आला की मॉसफेट बंद होतो. म्हणजे २ अँपिअरच्या शिखर करंटला ०.५ ओहम. इथे अंदाज चुकवायचाच तर जास्त ओहमकडे चुकवा: सप्लाय पूर्ण लोड घेणार नाही, पण काही जळणारही नाही.

१६. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू कसं करायचं?

मेन्सच्या सीरिजमध्ये ६० किंवा १०० वॉटचा तारेचा जुना बल्ब लावून. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशात पेटून राहिला तर अजून शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सगळं व्होल्टेज बल्बवर गेल्यामुळे नवे पार्ट वाचतात. बल्ब मंद असताना आउटपुट मोजा, मग थोडा लोड द्या. लक्षात ठेवा, बल्बमुळे करंट मर्यादेत राहतो, पण हात लागल्यास बसणाऱ्या शॉकपासून संरक्षण मिळत नाही. आतली प्रायमरी बाजू जिवंतच असते, तिथे अर्थिंग असलेला ऑसिलोस्कोप जोडू नका.

१७. पार्ट काढताना पॅड उखडला, आणि खालचा बोर्डही कोळसा झालाय. आता?

पॅड गेला तर ट्रॅकचा माग काढून तो जिथे पोहोचतो तिथल्या पार्टच्या पायापर्यंत इन्सुलेटेड तार जोडा. पुढच्या वेळी उखडू नये म्हणून: शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या वर वितळतं, ६३/३७चं शिसेयुक्त १८३ अंशांना. जुन्या सोल्डरमध्ये फ्लक्स लावून थोडं शिसेयुक्त मिसळलं की सगळं सहज सुटतं. खेचायचं अजिबात नाही. फ्लक्स राळेचा घ्या, आम्लाचा बोर्ड खातो.

कोळशाची गोष्ट गंभीर आहे. जळून काळा झालेला बोर्ड वीज वाहतो. वरून पुसून नवा पार्ट लावला तर मेन्सच्या बाजूला त्याच वाटेने पुन्हा आर्क होतो. सगळा काळा भाग कोरून काढा, आरपार भोक पडलं तरी चालेल, आणि पार्ट तारांनी वर उचलून बसवा.

१८. काहीच जळालेलं दिसत नाही, पण सप्लाय लाइन ग्राउंडला शॉर्ट दाखवते. दोषी कसा शोधू?

बहुतेक वेळा एखादा सिरॅमिक कॅपॅसिटर. करंट मर्यादा असलेल्या सप्लायमधून त्या लाइनवर १ व्होल्टच्या आसपास द्या, लाइनच्या मूळ व्होल्टेजपेक्षा कधीही जास्त नको. मग करंट हळूहळू वाढवा. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बघा, जिथे आधी वाळेल तिथे उष्णता. थर्मल कॅमेरा असेल तर उत्तमच.

अपवाद प्रोसेसरच्या मुख्य सप्लायचा. तिथे चांगल्या बोर्डावरही ओहम इतके कमी येतात की शॉर्ट वाटतो. तशाच चांगल्या बोर्डाशी ताडून बघितल्याशिवाय तिथे व्होल्टेज देऊ नका.

१९. हुबेहूब त्याच नंबरची आयसी टाकली, तरी उपकरण मेलेलंच. असं का?

मायक्रोकंट्रोलर असेल तर आत त्या उपकरणाचा प्रोग्राम असतो. विकत मिळणारी आयसी कोरी असते. २४सी किंवा २५क्यू मालिकेच्या मेमरी आयसीचंही तेच. जुनी वाचता येत असेल तर काढल्या काढल्या तिच्यातला डेटा प्रोग्रामरने उतरवून ठेवा.

दुसरं कारण नंबराच्या शेपटीत दडलेलं असतं. पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे पोहोचवणारा पार्ट) ए, बी, सी, डी अशा गटांत येतो. एमध्ये आउटपुट करंटचं इनपुट करंटशी प्रमाण ८० ते १६० टक्के, डीमध्ये ३०० ते ६००. सप्लाय चालू-बंद होत राहिला तर हेही तपासा. डेटाशीटमधल्या शेवटच्या अक्षरांचा तक्ता वाचायचा कंटाळा करू नका.

२०. कोणत्या उपकरणांना घरी हात लावू नये?

मायक्रोवेव्ह ओव्हन पहिलं. त्यातल्या कॅपॅसिटरवर २००० व्होल्टच्या वर असतं, मागे भरपूर करंट असतो आणि चूक सुधारायची संधी मिळत नाही. फुगलेली लिथियम बॅटरी उघडू, दाबू, सोल्डर करू नये. रुग्णाच्या शरीराला जोडलेलं कोणतंही उपकरण, चाललं तरी, घरच्या दुरुस्तीवर सोपवू नये. जुन्या ट्रान्समीटरमधल्या काही पॉवर ट्रान्झिस्टरच्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतो, त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. असा पार्ट फुटला असेल तर घासू किंवा फोडू नका.

२१. बोर्डावर एका जागी नंबर छापलाय, पण पार्टच नाही. उडून गेला का?

कदाचित तिथे कधी नव्हताच. एकाच बोर्डावर अनेक मॉडेल बनतात आणि काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडतात. भिंगाखाली बघा. दोन्ही पॅडवरचं सोल्डर गुळगुळीत, चमकदार, सारख्या उंचीचं असेल तर जागा मुळातच रिकामी. सोल्डर खडबडीत, तुटल्यासारखं किंवा एका पॅडवर पार्टच्या धातूचा तुकडा चिकटलेला असेल तर पार्ट तिथे होता. आजूबाजूला काजळी असेल तर फुटला, नसेल तर उपकरण पडल्यावर निसटला. तेव्हा कव्हरच्या आत नीट शोधा, तो सुटा सापडण्याची शक्यता चांगली असते. मग मोजून बघितलं की व्हॅल्यूचा प्रश्नही मिटतो.